क्रिप्टोत पैसे टाकायच्या आधी काढून बघा : नवख्यांसाठी पायरी-पायरीने

क्रिप्टोत नव्याने उतरणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठला कॉइन घेऊ? आणि उत्तर द्यायला दहा जण टपलेलेच असतात. पण पैसे बुडाल्याच्या गोष्टी नीट ऐकल्या की लक्षात येतं, कॉइन चुकीचा निवडला एवढंच कारण नसतं, कितीतरी वेळा भाव ठीकठाक असतो, स्क्रीनवर प्रॉफिट हिरवागार दिसत असतो आणि काढायला गेलं की पैसे निघत नाहीत. एक्सचेंजने, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या साइटने, विड्रॉल बंद केलेलं असतं, किंवा ती साइटच बोगस निघते, किंवा कॉइन भलत्याच नेटवर्कवर पाठवलेले असतात, नाहीतर सीड फ्रेज, म्हणजे कॉइन परत मिळवायचे गुप्त शब्द, लिहिलेला कागदच सापडत नाही. म्हणून इथे क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय, आधी बाहेर पडायचा रस्ता बघायचा, मग आत शिरायचं. कुठला कॉइन घ्यावा हे मी सांगणार नाहीये, तेवढंच हवं असेल तर इथूनच मागे फिरा, वेळ वाचेल.

पायरी १ : किती गेले तर झोप उडणार नाही

यातला फायदा खोटा नाहीये हे आधी मान्य करू. बिटकॉइनचं नेटवर्क जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं, मे २०१० मध्ये एकाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे मागवले ती गोष्ट तर सगळ्यांना पाठ असते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनचा भाव १ लाख डॉलरच्या वर गेला. ज्यांनी सुरुवातीला घेऊन नुसतं धरून ठेवलं त्यांना मिळालेला परतावा दुसरीकडे शोधून सापडणार नाही.

पण हे "नुसतं धरून ठेवलं" प्रकरण बोलायला सोपं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये भाव २०,००० डॉलरच्या जवळ होता, वर्षभराने ३,२०० च्या आसपास आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० च्या आसपास, पुढच्या नोव्हेंबरात १६,००० च्या खाली. १२ मार्च २०२० ला तर एका दिवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास पडला, सकाळी उठून बघितलं तर जवळजवळ अर्धे पैसे गायब. आणि हे सगळ्यात मोठ्या, सगळ्यात जुन्या कॉइनचं सांगतोय, बाकीच्यांचं तर विचारूच नका.

आता थोडं गणित करू, कारण टक्केवारीत भलेभले फसतात. ५० टक्के पडलं की मूळ जागी यायला १०० टक्के चढावं लागतं. ८० टक्के पडलं की ४०० टक्के. म्हणजे १०० चे २० झाले तर परत १०० व्हायला त्या २० ची पाचपट व्हायला हवी, "ऐंशी पडलं म्हणजे ऐंशी चढलं की झालं" असं नसतं ते.

त्यामुळे रक्कम ठरवताना किती कमवायचेत तिथून सुरुवात करू नका, ८० टक्के गेले तर काय, तिथून करा. समजा एकूण बचत १०० आहे आणि त्यातले ५ क्रिप्टोत टाकले. ८० टक्के पडलं तर ४ गेले, ९६ शिल्लक, चरफडाल पण जगाल. तिप्पट झालं तर ५ चे १५, म्हणजे एकूण ११०, छान. आता १०० पैकी ६० टाकले असं धरा, तसंच ८० टक्के पडलं की हातात ५२ उरले, आणि ५२ वर आलेला माणूस डोकं शांत ठेवून होल्ड वगैरे करत नाही, तो बरोब्बर तळाला विकून मोकळा होतो. चार्ट दोघांसाठी एकच होता, पहिला टिकला कारण त्याने रक्कम कमी लावली होती.

कर्ज काढून टाकू नका, क्रेडिट कार्डावर टाकू नका, अडीअडचणीला काढून ठेवलेल्या पैशाला तर हातच लावू नका. आणि चार-पाच वर्षांत लागणारा पैसाही नको, फी असो की घराचं डाउन पेमेंट. २०१७ च्या शिखरावर घेतलेल्याला तो भाव परत दिसायला डिसेंबर २०२० उजाडला, २०२१ च्या शिखरावर घेतलेल्याला मार्च २०२४. तेही बिटकॉइन परत वर आलं म्हणून, त्याच काळात वर गेलेले असंख्य कॉइन खाली गेले ते गेलेच.

पायरी २ : आपण नक्की काय घेतोय

इथे लोक एकतर ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सामायिक वहीवर, तीन तासांचे व्हिडिओ बघत बसतात नाहीतर काहीच बघत नाहीत. दोन्हीची गरज नाही.

बिटकॉइन जास्तीत जास्त २ कोटी १० लाखच होणार, हे त्याच्या कोडमध्ये ठरलेलं आहे. नवीन बिटकॉइन तयार व्हायचा वेग साधारण दर चार वर्षांनी निम्मा होतो, त्याला हाविंग म्हणतात, एप्रिल २०२४ मध्ये तो प्रत्येक ब्लॉकमागे (ब्लॉक म्हणजे त्या वहीचं एक पान) ६.२५ वरून ३.१२५ झाला. पुरवठा मर्यादित, कोणी एक मालक नाही, जगात कुठेही रात्री-अपरात्री पाठवता येतं, आणि चावी, म्हणजे कॉइन हलवायचा गुप्त कोड, तुमच्याकडे असेल तर ते परस्पर गोठवणं कोणालाही सोपं नाही, हे झाले त्याचे गुण. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत बिटकॉइनच्या स्पॉट ईटीएफना, म्हणजे खरे बिटकॉइन धरून शेअरबाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांना, परवानगी मिळाल्यावर मोठ्या संस्थांनाही त्यात यायला सरळ दार मिळालं. पण बिटकॉइनला डिव्हिडंड नाही, भाडं नाही, नफा कमावणारी कंपनी मागे नाही. पुढचा माणूस जेवढे द्यायला तयार तेवढीच किंमत. चाहत्यांना हे ऐकवत नाही पण खरं तेच आहे, आणि ते माहीत असून घेतलं तर काही चूक नाही.

इथेरियम २०१५ चं, त्यावर लोक ॲप आणि टोकन चालवतात आणि त्या वापराची फी, म्हणजे गॅस, इथर या कॉइनमध्ये भरावी लागते. सप्टेंबर २०२२ पासून ते मायनिंग (कॉम्प्युटरच्या जोरावर व्यवहार तपासणं) सोडून स्टेकिंगवर (कॉइन तारण ठेवून तपासणं) आलं, त्यामुळे इथर अडकवून ठेवणाऱ्याला थोडा मोबदला मिळतो, वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास समजा. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे कोणी महिन्याला दहा टक्के म्हणालं की आपोआप हसू येईल. बिटकॉइनसारखी कमाल मर्यादा इथरला नाहीये.

मग येतात स्टेबलकॉइन, म्हणजे एका डॉलरला बांधलेले. हे वाढायसाठी नसतात, पैसे पार्क करायला किंवा इकडून तिकडे न्यायला असतात. यात "स्टेबल" या शब्दावर डोळे मिटून विसंबू नका. मे २०२२ मध्ये टेराचा यूएसटी कोसळला, त्याच्या मागे खरे डॉलर नव्हतेच, लुना नावाच्या दुसऱ्या कॉइनच्या जोरावर तो एक डॉलरला धरून ठेवलेला, आणि लोक त्यात शिरले होते कारण अँकर नावाच्या ठिकाणी त्यावर वर्षाला २० टक्क्यांच्या जवळपास व्याज मिळत होतं. एप्रिलमध्ये लुना १०० डॉलरच्या वर होता, मे संपायच्या आत एका सेंटच्याही खाली. यूएसडीसीच्या मागे तर खरे डॉलर होते, तरी मार्च २०२३ मध्ये त्यातले ३.३ अब्ज डॉलर बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले म्हटल्यावर तो काही काळ ८८ सेंटच्या आसपास गेला. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित आहेत असं सरकारने जाहीर केल्यावर परत जागेवर आला. दोन्ही स्टेबलकॉइन, पण एकाच्या मागे पैसा होता आणि दुसऱ्याच्या मागे नुसता भरवसा.

बाकी मीम कॉइन, म्हणजे इंटरनेटवरच्या विनोदांवर काढलेले कॉइन, वगैरे. डोजकॉइन २०१३ मध्ये चेष्टा म्हणूनच सुरू झाला होता आणि तरी त्यात लोकांनी पैसे कमावले, म्हणून मी "कधीच नको" म्हणणार नाही, पण त्याला गुंतवणूक म्हणू नका म्हणजे झालं. घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी बघा, सगळ्यात जास्त कॉइन कोणाच्या वॉलेटमध्ये (कॉइनच्या चाव्या ठेवायचं ॲप किंवा उपकरण) आहेत, लिक्विडिटी लॉक आहे का, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी ठेवलेला पैसा बनवणाऱ्यांना मध्येच काढता येत नाही ना, आणि विकता येतो का. तिसरी विनोदी वाटेल पण २०२१ मध्ये एका गाजलेल्या कोरियन वेबसिरीजच्या नावावर टोकन आलं, भाव बघता बघता अडीच हजार डॉलरच्या वर गेला, जगभर बातम्या, आणि घेणाऱ्यांपैकी कोणाला विकताच येत नव्हतं. बनवणाऱ्यांनी पैसे काढून घेतले आणि काही मिनिटांत भाव शून्यावर. चार्ट मस्त वरवर जात होता कारण खाली आणायला विकणाराच नव्हता.

पायरी ३ : एक्सचेंज

एक्सचेंजवर तुमच्या नावासमोर दिसणारे कॉइन म्हणजे एक्सचेंजने तुम्हाला दिलेलं वचन असतं, खरे कॉइन त्यांच्या वॉलेटमध्ये. एवढं डोक्यात शिरलं की बाकी सोपं आहे.

माउंट गॉक्स हे एकेकाळी जगातलं सगळ्यात मोठं बिटकॉइन एक्सचेंज, फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन गायब असल्याचं बाहेर आलं. त्यातले काही नंतर सापडले, पण लोकांना बिटकॉइनच्या रूपात परतफेड सुरू व्हायला २०२४ चा जुलै लागला. दहा वर्षं! एफटीएक्स तर जाहिराती, सेलिब्रिटी, स्टेडियमला नाव, सगळं असलेलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये काही दिवसांत संपलं, ग्राहकांचे पैसे मालकाच्याच दुसऱ्या कंपनीत, अलामेडा रिसर्चमध्ये वळवले होते. मालक सॅम बँकमन-फ्राइडला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. पुढे तिथल्या ग्राहकांच्या पैशाचा हिशोब लावला तो दिवाळखोरीच्या दिवशीच्या डॉलर भावाने, आणि तेव्हा बिटकॉइन नेमका तळाशी होता, म्हणजे कागदावर "पैसे पूर्ण परत" आणि प्रत्यक्षात मधली अख्खी तेजी हुकलेली.

मग निवडायचं कसं? तुमच्या देशात रीतसर नोंदणी आहे का हे एक्सचेंजच्या साइटवर नाही तर नियामकाच्या यादीत जाऊन बघा. खरे कॉइन बाहेरच्या वॉलेटमध्ये पाठवता येतात का बघा, काही ॲपमध्ये नुसता आकडा दिसतो, कॉइन बाहेर काढायची सोयच नसते. "प्रूफ ऑफ रिझर्व्ह", म्हणजे कॉइन खरंच शिल्लक असल्याचा पुरावा, दाखवत असतील तर चांगलंच, पण त्यात कितीदा फक्त त्यांच्याकडे काय आहे एवढंच दिसतं, त्यांनी कोणाचं किती देणं आहे ते नाही. आणि "झिरो फी" वाल्यांचा खरेदीभाव आणि विक्रीभाव शेजारी शेजारी ठेवून बघा, फी तिथे लपलेली असते.

अकाउंट उघडताना ॲपची लिंक सर्चमधल्या जाहिरातीवरून घेऊ नका, जाहिरात देऊन हुबेहूब खोट्या साइट वर आणलेल्या असतात. वेगळा ईमेल, लांब पासवर्ड, आणि ओटीपी एसएमएसवर ठेवण्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲपवर (मोबाईलमध्येच कोड तयार करणारं ॲप), कारण तुमच्या नावाने दुसरं सिम काढून घेतलं की एसएमएस त्याच्याकडे जातात. विड्रॉल व्हाइटलिस्टची सोय असेल तर चालू करा, म्हणजे आधी नोंदवलेल्या पत्त्याशिवाय कॉइन बाहेर जाणार नाहीत.

पायरी ४ : थोडे टाका आणि सगळे बाहेर काढा

हीच पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

मोठी रक्कम टाकायच्या आधी अगदी छोटी रक्कम टाका, गेली तरी फरक पडणार नाही एवढी, फक्त एक्सचेंजच्या किमान मर्यादेपेक्षा जास्त असू दे. तिचे कॉइन घ्या, ते तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवा, तिथून परत एक्सचेंजवर आणा, विका, आणि बँकेत पैसे जमा झालेले डोळ्यांनी बघा. अख्खी फेरी. तिथपर्यंत दुसरा पैसा टाकायचा नाही, मार्केट कितीही पळू दे.

यातला नवख्याचा घाम काढणारा भाग म्हणजे विड्रॉलची स्क्रीन, म्हणून ती जरा जवळून बघू. तीन रकाने असतात, पत्ता, नेटवर्क, रक्कम. पत्ता म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ, ती हाताने टाइप करायची नाही, वॉलेटमधून कॉपी करून पेस्ट करायची, आणि पेस्ट केल्यावर पहिली पाच-सहा आणि शेवटची पाच-सहा अक्षरं जुळवायची, मधलीही चार बघितली तर उत्तम. का, तर असे व्हायरस असतात जे तुम्ही पत्ता कॉपी केला की क्लिपबोर्डवर गुपचूप चोराचा पत्ता ठेवतात. आणखी एक प्रकार म्हणजे तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखाच सुरू होणारा आणि संपणारा पत्ता बनवून त्यावरून तुम्हाला चिल्लर पाठवतात, उद्देश हा की पुढच्या वेळी तुम्ही जुन्या व्यवहारांच्या यादीतून घाईघाईत तोच कॉपी कराल. यादीतून पत्ता उचलायचाच नाही.

मग नेटवर्क. इथे सगळ्यात जास्त पैसे अडकतात. एकच यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेला एक स्टेबलकॉइन, इथेरियमवर असतो, ट्रॉनवर असतो, बीएनबी चेनवरही असतो, आणि ड्रॉपडाउनमध्ये प्रत्येकासमोर वेगळी फी दिसते, माणूस साहजिकच स्वस्तातलं निवडतो. पण समोरचं ठिकाण त्या नेटवर्कवर ते कॉइन घेत नसेल तर पैसे लटकले. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी ने सुरू होतो त्यामुळे तिथे निदान एरर तरी येतो, इथेरियम आणि बीएनबी चेनचे पत्ते मात्र एकसारखेच दिसतात, शून्य-एक्स ने सुरू होणारे, सिस्टीम काही अडवत नाही, पाठवून मोकळी होते. साधा उपाय म्हणजे आधी घेणाऱ्याच्या बाजूला जाऊन "डिपॉझिट" उघडा, तिथे कुठलं नेटवर्क लिहिलंय ते बघा, आणि पाठवणाऱ्या बाजूला तेच निवडा. एक्सआरपीसारख्या काही कॉइनना एक्सचेंजवर पाठवताना पत्त्याबरोबर टॅग किंवा मेमो नावाचा नंबरही लागतो, तो विसरलात तर कॉइन एक्सचेंजच्या मोठ्या पेटीत पोचतात पण तुमच्या नावावर चढत नाहीत, मग सपोर्टला मेल करत बसा.

पाठवलं की ट्रान्झॅक्शन आयडी मिळतो, तो ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, टाकला की व्यवहार कुठवर पोचला ते सगळ्यांसारखंच तुम्हालाही दिसतं. बिटकॉइनचा एक ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो आणि एक्सचेंज दोन-तीन कन्फर्मेशन, म्हणजे तेवढे ब्लॉक, मागतात, त्यामुळे पाच मिनिटांत आलं नाही म्हणून धाबं दणाणू देऊ नका. आणि या वेळेत सपोर्टवाला म्हणून कोणी मेसेज केला तर तो चोर आहे, यात काही तपासायचंही बाकी नाही.

फेरी पूर्ण झाली की १०० टाकले होते त्यातले किती हातात आले ते लिहून ठेवा. छोट्या रकमेवर फी बोचणारच, पण कुठे किती कापलं ते एकदा स्वच्छ दिसतं, आणि बँकेत पैसे यायला किती वेळ लागला तेही. ज्या ठिकाणी आत यायला दोन मिनिटं आणि बाहेर पडायला "व्हेरिफिकेशन चालू आहे", "आधी टॅक्स भरा", "व्हीआयपी लेव्हल घ्या" असं सुरू झालं, तिथे तुमचा तोटा त्या छोट्या रकमेवरच थांबला, सुटलात.

पायरी ५ : वॉलेट आणि ते बारा शब्द

रक्कम लहान असेल आणि एक्सचेंज धड असेल तर सुरुवातीला तिथेच ठेवलं तरी आभाळ कोसळत नाही, हे माझं मत काही जणांना पटणार नाही. स्वतःच्या वॉलेटमध्ये नेलं की एक्सचेंज बुडायची भीती गेली पण स्वतःच्या हातून हरवायची भीती आली, आणि दुसरी काही कमी नसते. मोठी रक्कम झाली की मात्र हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चाव्या इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण, घ्या, ते थेट बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या, सेकंडहँड तर नाहीच नाही. आत आधीच छापलेली सीड फ्रेज आली तर ते वापरूच नका, ते शब्द कोणाला तरी आधीच माहीत आहेत.

सीड फ्रेज म्हणजे १२ किंवा २४ इंग्रजी शब्द, २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निघालेले. वॉलेट मोबाईलमध्ये नसतंच खरंतर, मोबाईल फुटला तरी हे शब्द असले की दुसऱ्या मोबाईलवर सगळं परत येतं, आणि शब्द दुसऱ्याच्या हाती लागले की तुमचा मोबाईल खिशात असतानाही सगळं जातं. म्हणून कागदावर लिहा, क्रमांक घालून, दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. फोटो नाही, स्क्रीनशॉट नाही, स्वतःलाच पाठवलेला मेसेज नाही, क्लाउडवरची नोट नाही. लिहून झाल्यावर खरी परीक्षा अशी की वॉलेटमध्ये किरकोळ रक्कम असतानाच ते डिलीट करा आणि कागदावरून परत उभं करा. तिसरा शब्द नीट लिहिला नव्हता हे तेव्हा कळलेलं बरं.

कुठलीही साइट, कुठलाही सपोर्ट, कुठलाही फॉर्म ते शब्द मागत असेल तर संवाद तिथेच संपवायचा. वॉलेट एखाद्या साइटला जोडून "ॲप्रूव्ह" दाबतानाही काय ॲप्रूव्ह करतोय ते वाचा, अमर्याद परवानगी दिली की तो टोकन त्या साइटवाले नंतर कधीही उचलू शकतात. जाणकारही यात फसतात, फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्सचेंजमधून साधारण दीड अब्ज डॉलरचे इथर गेले, सही करणाऱ्यांना स्क्रीनवर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही होत होती भलत्याच गोष्टीवर.

पायरी ६ : खरेदी

ही पायरी छोटी आहे. ठरवलेली रक्कम एकदम न टाकता महिन्या-महिन्याने सारखे हप्ते करून टाका, भाव काय आहे ते न बघता. याने जास्तीत जास्त नफा मिळतो असं नाही, सतत तेजी असेल तर एकरकमी टाकणाराच पुढे असतो, पण नवखा माणूस एकरकमी टाकतो ते नेमकं शिखरावर, कारण बातम्या तेव्हाच येतात. अख्खा बिटकॉइन घ्यायला लागत नाही, एकाचे १० कोटी भाग होतात, त्यातल्या एका भागाला सातोशी म्हणतात. "एक पूर्ण येत नाही म्हणून स्वस्तातला दुसरा घेतो" हा हिशोब तर अजिबात करू नका, कॉइनची किंमत चार-दोन पैसे असली म्हणून तो स्वस्त ठरत नाही, एकूण किती कॉइन आहेत त्याने गुणून बघा.

लिव्हरेज, फ्युचर्स, मार्जिन, म्हणजे उसन्या पैशावर मोठे सौदे करायच्या, या बटणांकडे वर्षभर तरी बघायचं नाही. दहापट लिव्हरेज म्हणजे भाव दहा टक्के उलटा गेला की तुमचं सगळं साफ, आणि दहा टक्के इकडेतिकडे होणं क्रिप्टोत नवलाचं नाही. नंतर भाव परत वर आला तरी तुमचा सौदा केव्हाच लिक्विडेट झालेला, म्हणजे जबरदस्तीने बंद केलेला, असतो, अंदाज बरोबर असूनही हात रिकामे.

"व्याज मिळवा" वाल्या स्कीमसाठी एकच प्रश्न, हे व्याज देतंय कोण आणि त्याला ते कुठून मिळतंय? एका वाक्यात सांगता आलं नाही तर नको. सेल्सियस कंपनीही लोकांचे कॉइन घेऊन घसघशीत व्याज देत होती, जून २०२२ मध्ये एके दिवशी तिने विड्रॉल बंद केलं आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरी.

पायरी ७ : तुम्हाला शोधत येणारे लोक

वनकॉइन नावाच्या प्रकरणात लोकांचे अब्जावधी डॉलर गेले आणि त्या कॉइनची खरी ब्लॉकचेनच नव्हती. ती चालवणारी रुजा इग्नातोव्हा २०१७ पासून बेपत्ता आहे, एफबीआयच्या पहिल्या दहा वॉन्टेड यादीत तिचं नाव आलं. विकलं कसं गेलं ते बघा, ओळखीच्यांकडून, सेमिनार भरवून, "खाली माणसं जोडा" म्हणत. म्हणजे सांगणारा तुमचा सख्खा मावसभाऊ असला तरी तो फसवत नसेल पण फसलेला असू शकतो.

जुलै २०२० मध्ये ट्विटरवरच्या ओबामा, बायडेन, मस्क अशांच्या खऱ्या अकाउंटवरून "बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत देतो" असे मेसेज आले होते, अकाउंट हॅक झाली होती. आता तर चेहरा आणि आवाजही बनवता येतो, त्यामुळे व्हिडिओत स्वतः बोलतोय याला काही अर्थ उरलेला नाही.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र हळू चालतो. चुकून नंबर लागला म्हणून मेसेज येतो, गप्पा होतात, आठवडे जातात, कधी प्रेमही जुळतं, आणि मग सहज बोलता बोलता आपण कुठे ट्रेडिंग करतो ते समोरचा सांगतो. तुम्ही थोडे टाकता, नफा दिसतो, आणि नीट ऐका, पहिल्यांदा थोडे पैसे काढूही देतात! म्हणजे चौथ्या पायरीतली फेरी इथे पास होऊ शकते. म्हणून त्या फेरीला ही अट जोडा की प्लॅटफॉर्म तुम्ही स्वतः शोधलेला आणि नियामकाच्या यादीत सापडलेला पाहिजे, कोणी लिंक पाठवलेला नाही. आणि मोठी रक्कम टाकल्यावरही मधूनमधून त्यातला भाग बाहेर काढत राहा, एकदा निघाले म्हणजे कायम निघतील असं काही नसतं.

फसलात तर स्क्रीनशॉट, ट्रान्झॅक्शन आयडी, पत्ते सगळं जपून लगेच सायबर पोलिसांत आणि एक्सचेंजला कळवा, पैसे दुसऱ्या एक्सचेंजवर पोचले असतील तर लवकर कळवल्यावर कधीकधी गोठवता येतात. त्यानंतर "तुमचे बुडालेले क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणारे येतील, ते पहिल्यांचेच भाऊबंद.

पायरी ८ : विक्री, हिशोब, आणि घरच्यांना माहिती

विकायचं कधी हे घेतानाच लिहून ठेवा, कागदावर. उदाहरणार्थ दुप्पट झालं की मूळ रक्कम काढून घेणार, किंवा क्रिप्टो एकूण बचतीच्या दहा टक्क्यांच्या वर गेलं की वरचं विकणार. नियम कुठला का असेना, पण तो शांत डोक्याने ठरवलेला हवा, कारण भाव चढताना अजून चढेल वाटतं आणि पडताना आत्ता परत येईल वाटतं.

कायदे देशोदेशी वेगळे आणि बदलणारे. एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं आणि त्याच महिन्यात चीनने सगळ्या क्रिप्टो व्यवहारांवर बंदी जाहीर केली, यावरून ओळखा. तुमच्याकडचा टॅक्सचा नियम घेण्याआधी वाचा, खासकरून एक कॉइन देऊन दुसरा घेतला तर तोही विक्री धरतात का, आणि तोटा नफ्यातून वजा करता येतो का, या दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, त्या दिवसाचा भाव आणि फी एका शीटमध्ये टाकत चला, एक्सचेंजची स्टेटमेंट दर तीन महिन्यांनी उतरवून ठेवा, कारण एक्सचेंज बंद पडलं की हिस्टरीही त्याच्याबरोबर जाते. विकल्यावर टॅक्सचा वाटा लगेच बाजूला काढा, त्याचं परत क्रिप्टो घेऊ नका, वर्षअखेरीला भाव अर्धा झालेला असला तरी टॅक्स जुन्या नफ्यावरच भरावा लागू शकतो.

आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला निदान एवढं माहीत असू दे की तुमच्याकडे क्रिप्टो आहे, कुठल्या एक्सचेंजवर आहे, हार्डवेअर वॉलेट कुठल्या कप्प्यात आहे आणि सीडचा कागद कुठे शोधायचा. एक्सचेंजवर नॉमिनीची सोय असेल तर भरा. मृत्युपत्रात सीडचे शब्द लिहू नका, ते बऱ्याच हातांतून जातं, फक्त कागद कुठे आहे ते लिहा. आणि त्या माणसाकडूनही एकदा छोट्या रकमेची तीच फेरी करून घ्या, वॉलेटपासून बँकेपर्यंत, तुम्ही शेजारी बसून पण माउसला हात न लावता.